दारातली वाळूची बादली

रविवार, ८ सप्टेंबर

आज चर्चच्या बायकांच्या संडासात, कागदाच्या गुंडाळीच्या पेटीवर, एक भरलेलं पिस्तूल सापडलं. शेजारी हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब होती. मालकिणीनं दोन्ही वस्तू सारख्याच निगुतीनं ठेवल्या होत्या आणि सारख्याच निगुतीनं ती त्या विसरून गेली होती.

मी पिस्तुलाला हात लावला नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले. मालकीण शोधायला फार वेळ लागला नाही. एकाहत्तर वर्षांच्या मिस ओडेसा केगल टेनेसीतल्या आमच्या टॅन्सी फोर्ड चर्चमध्ये पियानो वाजवतात. पहिलं भजन संपता संपता त्या एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं कंबर चाचपू लागल्या. भजन पुरं करून मगच आल्या.

"बरं झालं गं तुला दिसलं. एखाद्या पोराला दिसलं असतं म्हणजे?"

"तुम्ही ते तिथं ठेवलंत कशाला?"

"मग कुठं ठेवू? बसायचं म्हणजे कमरेचं सगळं सैल करावं लागतं. तुझं लग्न होऊ दे, अंग सुटू दे, मग कळेल."

त्यांनी पिस्तूल खोचलं, क्रीम लावलं आणि दुसरं भजन वाजवायला गेल्या. क्रीमला वासही छान येत होता.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मे महिन्यात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परत आले, ती याच लोकांसाठी काहीतरी करीन म्हणून. लोक आपल्या जागेवर आहेत. काहीतरी करणं मात्र आजपासून.

बुधवार, ११ सप्टेंबर

प्रार्थनेनंतरच्या जेवणात, बीन्स आणि कॉर्नब्रेड वाढून घेताना, पास्टर यार्नेलनी मला बाजूला घेतलं. चर्चच्या विमा कंपनीला पिस्तुलांबद्दल लेखी नियम हवे आहेत. "ट्रेसा, आमच्यात लिहिणारं माणूस तूच," ते म्हणाले. खरं आहे. बाकीच्यांचं लिहिणं वाढदिवसाच्या केकवर संपतं.

ठरलं ते असं. मी नियम करायचे. ऑक्टोबरचे चार रविवार ते पाळून बघायचे. चौथ्या रविवारी, सत्तावीस तारखेला, चर्चच्या जिल्हा मंडळाचे मिस्टर व्हिटफिल्ड बघायला येतील. त्यांना पटलं तर हेच नियम चाळीस चर्चना जातील आणि ते शिकवायला मला नेमतील. काउंटीच्या आरोग्य कचेरीत मी लसीची कार्डं लावत बसते, तेही डिसेंबरपर्यंतच. म्हणजे सगळं सत्तावीस तारखेवर आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर

नियम लिहिण्याआधी सध्या काय शिकवलं जातं ते बघावं म्हणून डॅडींच्या वर्गाला गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

व्हर्लिन साइझमोर, शिक्षण आठवी, विजेच्या तारांवर तीस वर्षं, आता निवृत्त. शनिवारी अग्निशमनाच्या शेडमध्ये ते भरलेलं पिस्तूल अंगावर कसं वागवावं हे शिकवतात. फी म्हणून लोक अंडी आणि टोमॅटोसुद्धा देतात. डॅडी लंगडत फळ्याकडे गेले आणि त्यांनी एक कमोड काढला. बऱ्यापैकी ओळखू येण्याजोगा.

"बसायची वेळ आली की काय करायचं?" डॅडींनी विचारलं. "काढून ठेवायचं नाही. पट्ट्यावरच्या होल्स्टरमध्येच राहू द्यायचं, विजार गुडघ्यांपाशी घट्ट धरायची. उठताना ते विजारीबरोबर वर येतं. विसरायचं म्हटलं तर विजार विसरायला लागेल."

"काहींना तेही जमेल," मागून कोणीतरी म्हणालं आणि अख्खी शेड हसली. मला लाज वाटली. माझे वडील फळ्यावर कमोड काढतात आणि लोक वहीत उतरवून घेतात.

मग त्यांनी होलिस प्रूएट यांना पुढं बोलावलं. ब्रदर होलिस आमच्या चर्चचे सर्वांत जुने डीकन, म्हणजे कारभारी, वय सत्त्याहत्तर, बोटं संधिवातानं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी. डॅडींनी त्यांना कोटाचा खिसा रिकामा करायला लावला. निघालं ते असं: पिस्तूल, किल्ल्यांचा जुडगा, पेपरमिंटच्या सहा गोळ्या.

"चाप ओढायला बोटच लागतं असं नाही," डॅडी म्हणाले. "किल्ली चालते. पेपरमिंट चालतं. शर्टाचं टोक चालतं. म्हणून कडक होल्स्टर, चाप पूर्ण झाकणारं. आणि जाड पट्टा."

"व्हर्लिन, मी पन्नास वर्षं खिशातच ठेवतोय."

"आणि पन्नास वर्षं देव तुझ्यामागं धावतोय, होलिस. थकला असेल तो."

शेवटी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. घरी घालायचं. घरी काढायचं. मधे हात लावायचा नाही. झालं. तीन तासांचा वर्ग, तीन वाक्यं. दाराशी पिवळी बादली होती, घोड्याच्या खुराकाची, ओढ्याची वाळू भरलेली. पिस्तूल दाखवायचं झालंच तर नळी तिच्याकडं करून, म्हणजे सुटलीच तर गोळी वाळूत. हे आमचं शास्त्र.

निघताना मिस ओडेसा भेटल्या. म्हटलं, "लोक डॅडींकडंच का येतात कळत नाही. काउंटीच्या गावी रीतसर प्रमाणपत्रवाले शिक्षक आहेत."

"अगं, त्यांच्याकडं प्रमाणपत्र आहे. तुझ्या बापानं फी भरलीय."

"कसली फी?"

त्या काही बोलणार होत्या, पण ममा तिथं होती. ममानं त्यांना टोमॅटोची पिशवी दिली आणि हवेबद्दल विचारलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

थंडी लवकर आली. डॅडींची जुनी गाडी आता मी वापरते. तिच्या तळाला अ‍ॅक्सिलरेटरजवळ एक भोक आहे, त्यावर डॅडींनी टेनेसीची जुनी नंबरप्लेट स्क्रूनं बसवलीय. तिच्या कडेनं गार वारा थेट उजव्या पायावर येतो. म्हटलं, "गंज नीट वेल्डिंग करून घ्या की."

"राहू दे. पाय कुठं आहे याची आठवण राहते."

याला आमच्याकडं विनोद म्हणतात. गंमत म्हणजे ज्यांना पायाची एवढी आठवण, त्यांच्याच उजव्या पायाची दोन बोटं नाहीत. मी पाचवीत असताना वाचनाचं पदक मिळालं. सगळ्यांचे वडील आले होते. माझे तारांवर गेले होते. आणि त्याच कामावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या पायावर ट्रान्सफॉर्मर पडला. दहा वर्षांची असताना मला वाटलं होतं की बरं झालं. आता तसं वाटत नाही. पण माणूस कामाला आणि मुलीला कुठल्या क्रमानं ठेवतो ते त्या दिवशी कळलं.

रविवार, २९ सप्टेंबर

नियम तयार झाले. अकरा कलमं. सार एवढंच: चर्चच्या आत भरलेलं पिस्तूल नको. दाराच्या खोलीत टेबल. मागं पंचवीस खणांचं कपाट, प्रत्येक खणाला पितळी बिल्ला. कलम चार, गोळ्यांचं मॅगझिन काढणे. कलम पाच, नळीतली गोळी काढणे. कलम सहा, रिकामं असल्याचं स्वयंसेवकाला दाखवणे. मग खणात ठेवून बिल्ला घ्यायचा. जाताना उलट. कोट ठेवण्याइतकं सोपं.

टेबलासाठी एकच भिंत रिकामी होती. उजेडही तिथं चांगला येतो. पलीकडं बालवर्ग आहे. ममा तिथं दर रविवारी नऊ पोरं सांभाळते.

डॅडींनी अकराही कलमं वाचली. ओठ हलवत वाचतात. मग विचारलं, "त्या भिंतीच्या पलीकडं बालवर्ग ना?"

"हो."

"तेवीस जण बाळगतात. येताना एकदा, जाताना एकदा. शेहेचाळीस वेळा हात लागणार, ट्रेसा. पट्ट्यावर असताना शून्य वेळा लागतो."

"डॅडी, आकडेवारी मी शिकलेय."

"मला माहितेय. शिकलीस म्हणून तर सांगतोय. पिस्तूल आपणहून काही करत नाही. हात करतो."

"मग संडासात पिस्तूल विसरायचं काम कुणी केलं?"

"हातानं. काढलं म्हणून ओडेसा विसरली."

आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही असं मी कॉलेजात ठरवलं होतं. ते कुठल्या माणसामुळं ठरवलं होतं ते आठवलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

पहिला रविवार. एकवीस पिस्तुलं, एकवीस बिल्ले, कुरकुर अमाप.

"म्हणजे हल्लेखोर आला की मी त्याला बिल्ला दाखवू?" हे ब्रदर होलिस.

"हल्लेखोरालाही बिल्ला द्यायचा," मिस ओडेसा म्हणाल्या. "चोवीस नंबर रिकामा आहे."

सगळं छान झालं असतं. पण टेबलाच्या कडेला, मी लावलेल्या शेवंतीच्या कुंडीशेजारी, ती पिवळी बादली होती. डॅडी तिच्याजवळ उभे, हाताची घडी घालून, आणि प्रत्येकाला एकच वाक्य: "नळी बादलीत, मग काय करायचं ते कर." जाताना तेच. दीड तासाची प्रार्थना सोडून माणूस बादलीपाशी. बादलीवर एका घोड्याचं चित्र आणि 'जास्त दम, जास्त ताकद' असं लिहिलंय.

भजनं चालू असताना डॅडी जरा बाहेर गेले, तेवढ्यात मी ती झाडूच्या कपाटात ठेवली. प्रार्थना संपायच्या आत ती परत आली होती.

रविवार, १३ ऑक्टोबर

बादली पुन्हा. कपाटाला कुलूप नाही.

ब्रदर होलिसना मॅगझिन काढायला तीन मिनिटं लागतात. बोटं वळत नाहीत. रांग दाराबाहेर जाते. डॅडी दर वेळी तेच: "होलिस, बादली. हां. आता सावकाश." जणू म्हाताऱ्या घोड्याला पाणी पाजतायत. आज तर ब्रदर होलिस न सांगताच बादली शोधू लागले. लोकांना नियम पाठ होत नाहीत, बादली पाठ होते.

शनिवार, २६ ऑक्टोबर

उद्या मिस्टर व्हिटफिल्ड. अकरा कलमं चौकटीत लावली. रात्री जेवताना डॅडींना सांगितलं, उद्या बादली नको. उद्या एकच दिवस.

"का?"

"कारण ती घोड्याची आहे, डॅडी. कारण ते म्हणतील की एवढं लिहून शेवटी भरवसा बादलीवर. आणि ते खरं नाही."

डॅडींनी बिस्किट, म्हणजे आमचा मऊ पाव, ग्रेव्हीत बुडवलं. "होलिसला घरून रिकामं करून आणायला सांगू?"

"कलम चार ते सहा दाखवायचंय तेच मुळी."

"भिंत बदलता येईल?"

"उजेड..." मी म्हटलं.

ममा म्हणाली, "व्हर्लिन, खाऊन घ्या."

रविवार, २७ ऑक्टोबर

सकाळी लवकर गेले. बादली झाडूच्या कपाटात ठेवली आणि दाराच्या कड्यांतून सायकलचं कुलूप घातलं. डॅडी आले, त्यांनी कुलूप पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मिस्टर व्हिटफिल्ड शेजारी उभे होते, म्हणून डॅडी टेबलापासून दोन पावलांवर जाऊन उभे राहिले.

सोळा जण झाले. मिस्टर व्हिटफिल्ड मान डोलवत होते. मग ब्रदर होलिस आले. त्यांनी मॅगझिन काढलं. त्यासाठी तीन मिनिटं लागली. मग त्यांनी खाली पाहिलं.

"बादली कुठाय?"

"ब्रदर होलिस, कलम सहा," मी म्हटलं. "रिकामं असल्याचं दाखवा."

ते पिस्तूल हातात घेऊन वळत राहिले. जेवून झालेली ताटली कुठं ठेवावी हे पाहुण्याला कळू नये तसे. नळी मिस्टर व्हिटफिल्डच्या टायवरून गेली, कुंडीवरून गेली, भिंतीपाशी थांबली. "रिकामंच आहे, बघ की," ते मला म्हणाले आणि दाखवायला चाप ओढू लागले.

डॅडी कधी दोन पावलं सरळ टाकत नाहीत. ती त्यांनी टाकली. ब्रदर होलिसचं मनगट धरून खाली दाबलं, आणि गोळी सुटली.

कानात शिट्टी. मग भिंतीच्या पलीकडून एक पोर रडू लागलं, मग सगळी. बालवर्गाचं दार उघडलं. ममाच्या दोन्ही कडेवर पोरं होती. तिनं मला पाहिलं नाही, भिंत पाहिली नाही. तिनं डॅडींच्या बुटांकडं पाहिलं.

"कुठला?"

"कुठलाच नाही," डॅडी म्हणाले. "जमीन."

तिनं असं का विचारलं ते मला कळलं नाही. गोळी डॅडींच्या उजव्या बुटाच्या वीतभर पुढं फळीत गेली होती.

सोमवार, २८ ऑक्टोबर

कुणाला काही झालं नाही. अहवाल लिहिला. कारण: ब्रदर होलिस यांनी कलम पाच न करता कलम सहा केलं. कलमं क्रमानं केली असती तर काही झालं नसतं. संधिवात झालेल्या आणि आयुष्यभर खिशात पेपरमिंटशेजारी पिस्तूल ठेवणाऱ्या माणसाकडून क्रमाची अपेक्षा करणं हीच काय ती माझी चूक.

मिस्टर व्हिटफिल्डनी निघताना माझा हात हातात घेतला आणि नियम 'आशादायक' असल्याचं सांगितलं. मग टेबलाला लांबून वळसा घालून ते बाहेर गेले.

काउंटी पोलिसातला डेप्युटी रँडल येऊन गेला. शाळेत माझ्या एक वर्ष पुढं होता, तेव्हाही सगळं समजावून सांगायची खोड. फळीतल्या भोकापाशी बसून म्हणाला, "हे बघ, वरून कसं गोल, स्वच्छ. खालून जाऊन बघ, चिरफळ्या बाहेर आल्यात. गोळी ज्या बाजूला जाते त्या बाजूला कड वळते. लाकूड असो, पत्रा असो."

"हे शिकायला अकादमीत जावं लागतं?"

"नाही. आमच्या इथं बऱ्याच जणांना घरबसल्या माहीत आहे." आणि मग का कोण जाणे, त्याचा चेहरा लाल झाला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

पहाटे दहिवर पडलं होतं. गाडीत बसले, पायावर गार वारा. आठवडाभर अहवाल, पत्रं, फोन, आणि वर हा वारा. स्वतःच गंज खरवडून वरून पट्टी मारू म्हणून स्क्रू काढले आणि नंबरप्लेट उचलली.

गंज नव्हता. भोक लहान, गोल होतं. बोट घालून कड चाचपली. सगळीकडून खाली वळलेली.

कामाला गेले. कार्डं लावली. दोन खोक्यांत चुकीची लावली.

शनिवार, २ नोव्हेंबर

ममा शेंगा मोडत होती. मी विचारलं, "डॅडींच्या पायावर काय पडलं होतं?"

तिनं शेंगा मोडणं थांबवलं नाही. "गाडीत पाहिलंस?"

"हो."

"शाळेत पिस्तूल न्यायची परवानगी नाही ना. म्हणून कुंपणाबाहेर गाडी लावून पट्ट्यावरचं काढत होते, खणात ठेवायला. शर्टाचं टोक अडकलं. नवा शर्ट होता, तुझ्या बक्षिसासाठी घेतलेला."

"गावाला माहीत आहे?"

"सगळ्या."

"आणि मला कुणीच..."

"तुझ्या बक्षिसाचा दिवस होता. तो तसाच राहावा म्हणाले ते. ओडेसाचं तोंड तुला माहितेय. बारा वर्षं बंद ठेवलंय तिनं. तेवढ्यासाठी तरी तिला जरा नीट बोलत जा."

मी पाचवीतल्या मुलीसारखी बसून राहिले. जे एकदा काढताना त्यांची दोन बोटं गेली, तेच मी तेवीस माणसांना दर रविवारी दोनदा करायला लावलं, भिंतीपलीकडं माझी आई बसवून. चौकटीत घालून. उजेड चांगला येतो म्हणून.

रविवार, ३ नोव्हेंबर

सभेत उभी राहिले. सांगितलं की बादली मी कुलपात ठेवली होती, ते अहवालात नव्हतं, आता आहे. भिंत मी निवडली. ब्रदर होलिसनी माझं ऐकलं, तेवढाच त्यांचा दोष. टेबल काढा, खण काढा. मग नवे नियम वाचले. घरी घालायचं, चाप झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये. घरी काढायचं. मधे हात लावायचा नाही. ज्याला हे जमत नाही त्यानं घरीच ठेवून यावं.

ब्रदर होलिस उठले आणि म्हणाले की त्यांना जमत नाही, ते घरीच ठेवून आले आहेत. खिशातून पेपरमिंट काढून माझ्याकडं केलं. मी घेतलं.

"चार वर्षं कॉलेज," पियानोपाशी मिस ओडेसा म्हणाल्या, "आणि शेवटी फळ्यावरचं उतरवून आणलंस."

"हो, मिस ओडेसा."

"कमोड राहिला." त्यांनी पान उलटलं. "पण अक्षर चांगलं आहे."

मिस्टर व्हिटफिल्डना हेच नियम पाठवलेत. तीन वाक्यं शिकवायला ते कुणाला नेमणार नाहीत.

संध्याकाळी बादली घरी आणून मागच्या दाराशी ठेवली, डॅडी रोज पट्टा काढतात तिथं. ते होल्स्टरसकट सगळं एकदमच काढतात आणि फळीवर ठेवतात, हेही मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. मी म्हटलं, "कपाट आवरताना पाचवीतलं पदक सापडलं."

"वाचनाचं." त्यांनी खुर्चीत बसून उजवा बूट ओढला. "टाळ्या बऱ्याच वाजल्या होत्या तेव्हा."

त्या दिवशी ते तारांवर गेले होते, असं आमच्या घरात अजून ठरलेलं आहे. मी दुसरा बूट ओढून दिला.